आभारवाले वाबळे मामा

हर्नियाच्या ऑपरेशननंतर वाबळे मामांना स्ट्रेचरवरून बाहेर आणलं, तेव्हा ते अजून गुंगीतच होते. आम्ही कंपनीतले चार-पाच जण दाराशी उभे होतो. मामांनी डोळे किलकिले केले, हात जोडायला गेले, एका हाताला सलाईन होतं म्हणून दुसऱ्या हाताने अर्धा नमस्कार केला आणि जड जिभेने म्हणाले, "आजचा हा कार्यक्रम... यशस्वी करण्यासाठी... ज्यांचे हात लागले, ते डॉक्टरसाहेब..." मग भूल देणारे डॉक्टर आले, मग आतल्या दोन सिस्टर आल्या, मग स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय. आपलं नाव निघालं म्हणून तो बिचारा स्ट्रेचर थांबवून उभा राहिला. आम्ही हसलो. पण दुपारी मामा पूर्ण शुद्धीवर आले आणि त्यांना आठवलं, की सकाळी सुई टोचणाऱ्या सिस्टरचं नाव राहिलं. तिची ड्यूटी संपली होती. पोटाला टाके असलेला हा माणूस, तिला फोन लावून देईपर्यंत पाणी प्यायला तयार होईना.

कुंडलिक मारुती वाबळे. नगरच्या नागापूर एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या टाइम ऑफिसात ते क्लार्क होते. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, सगळं त्यांच्याकडे. त्यामुळे मॅनेजरपासून कँटीनच्या भांडेवाल्या बाईपर्यंत प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव आणि गाव त्यांना तोंडपाठ. आणि म्हणूनच की काय, कंपनीत कुठलाही कार्यक्रम असला की शेवटचं आभारप्रदर्शन वाबळे मामांकडे. गणपती असो, सेफ्टी वीक असो, कोणाचा निरोप असो, आभार मामांचेच.

सूत्रसंचालन माझ्याकडे. मी पर्चेस डिपार्टमेंटला. मला भाषणांचा मनस्वी कंटाळा, पण आडनाव कुलकर्णी. आडनाव कुलकर्णी म्हणजे मराठी शुद्ध असणार, असा आमच्या वरच्या लोकांचा समज, आणि बाई आहे म्हणजे माईकपाशी बरी दिसेल, असा दुसरा समज. आलिया भोगासी म्हणून मी वर्षानुवर्षं "यानंतर मी विनंती करते" म्हणत आले. मी सभा उघडायची आणि मामांनी मिटायची, असं आमचं चाललं होतं. त्यामुळे मला त्यांची शिकवणी फुकट मिळाली, मागितली नसताना.

"मॅडम, तुमी लई पळता," पहिल्याच कार्यक्रमानंतर त्यांनी मला कँटीनमध्ये गाठलं. "थांबा घ्यायचा. एसटी थांब्यावर थांबलीच न्हाई तर माणसं चढणार कशी?"

माईकवर मामांची भाषा वेगळी आणि चहाला वेगळी. माईकवर 'अहिल्यानगर', चहाला 'नगर'. माईकवर 'नाही', चहाला 'न्हाई'. दोन्हीत त्यांना काही चुकल्यासारखं वाटत नसे.

भाषणाच्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे आपला शब्द होता. क्षणभर गप्प राहणं म्हणजे थांबा. समोरच्यांकडे बघणं म्हणजे वाढप. "नजर वाढायची असती, मॅडम. पंगतीत कसं, पहिल्या पानावर ढीग आन् शेवटचा उपाशी, असं चालतं का? तुमी सारखं मॅनेजर साहेबांकडंच बघता. मागच्या रांगेतल्या वेल्डरनं काय पाप केलंय?" आवाज खालीवर करणं म्हणजे पाणी देणं, कारण सगळीकडे सारखं पाणी सोडलं की पीक पिवळं पडतं. हात खिशात घालून बोलणारा त्यांना अजिबात खपत नसे. हात खिशात गेला की शब्दपण खिशात जातात, असं त्यांचं म्हणणं. आणि भाषण संपवायचं म्हणजे हात धुवायला पाणी द्यायचं. जेवण कितीही चांगलं असलं तरी हात धुवायला पाणी मिळालं नाही तर पाहुणा तेवढंच लक्षात ठेवतो.

पण हे सगळं इतरांच्या भाषणासाठी. आभाराचं शास्त्र निराळं. "बाकीच्यांची सभा बसलेली असती. आमची उठलेली असती," ते म्हणत. हे तर खरंच होतं. अध्यक्षीय भाषण संपलं की लोकांची चपला शोधायला सुरुवात. म्हणून मामांनी कँटीनवाल्याशी कायमचा करार करून ठेवला होता, की आभार संपेपर्यंत समोशाच्या पातेल्यावरचं फडकं काढायचं नाही. वास सुटला की सभा गेली. मग नावांचा क्रम. सगळे वक्ते मोठ्यांपासून सुरू करून खाली येतात आणि खालच्यांपर्यंत पोचेस्तोवर "आणि इतर सर्व" म्हणून मोकळे होतात. मामा खालून सुरू करत. झाडलोट करणारी, खुर्च्या मांडणारे, वायरमन. मॅनेजरचं नाव शेवटी. "मोठ्या माणसाचं नाव राहिलं तर कोणीतरी मागून आठवण करतं, मॅडम. बारक्याचं राहिलं तर राहिलं." 'इतर सर्व' हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारले असतील असं मला वाटत नाही.

कंपनीपुरतं असतं तर ठीक होतं. पण मामांना श्रीगोंदा तालुक्यात कुठेही बोलावणं आलं की ते रजा टाकून जात. मूळ गाव तिकडचं. लग्न, वास्तुशांत, क्रिकेटच्या स्पर्धा, शाळेचं गॅदरिंग. आपल्याकडे माणूस गेल्यावर दहाव्याला नदीकाठी श्रद्धांजलीची भाषणं होतात, तिथेही कुटुंबाच्या वतीने शेवटी बोलायला मामाच. तिथे मात्र ते 'आभार' हा शब्द वापरत नसत. "दुःखात आभार न्हाई मानायचे. ऋण म्हणायचं."

एकदा आमच्या एका फिटरचे वडील गेले, तेव्हा कंपनीच्या जीपमधून आम्ही श्रीगोंद्याकडे दहाव्याला गेलो होतो. पिंड मांडून झाले होते आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून बघत होता नुसता. तोवर पुढाऱ्यांची भाषणं. एकाचं नमनालाच घडाभर तेल, दुसऱ्याने मयताचं नावच चुकवलं. उन्हं चढली. फिटरची आई पदर डोक्यावर ओढून बसली होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता, कारण कावळा शिवत नाही म्हणजे माणसाचं काहीतरी मागे अडकलंय. शेवटी मामा उभे राहिले. पाच-सात वाक्यं बोलले असतील, तेवढ्यात कावळा उतरला आणि शिवला. लोक उठायला लागले. मामांनी थांबा घेतला. लोक पुन्हा बसले. मामा म्हणाले, "ज्याची आपण सगळे वाट पाहत होतो, तोही वेळात वेळ काढून आला. या कुटुंबावर त्याचंही ऋण आहे." कोणी हसलं नाही. त्या माउलीने बाभळीकडे बघून हात जोडले. मीही जोडले, खोटं कशाला सांगू.

त्याच दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. बोलायला उठण्याआधी मामा स्पीकरवाल्यापाशी गेले आणि कर्णा आपल्या गावाच्या दिशेला वळवून घेतला. आणि सगळ्यात शेवटी, नेहमीप्रमाणे, ते नाव घेतलं.

त्या नावाबद्दल सांगायला हवं. मामांचं कुठलंही आभारप्रदर्शन एकाच वाक्याने संपायचं. "आणि जे आज इथे उपस्थित नाहीत, परंतु ज्यांच्यामुळे मी इथे उभा आहे, ते श्रीमान नामदेव मारुती वाबळे." कंपनीत सगळ्यांना ते पाठ झालं होतं. पोरं तर मागच्या रांगेतून त्यांच्याबरोबर पुटपुटायची. बापाचं नाव तेच, म्हणजे भाऊ असावा हे उघड होतं, पण विचारलं की मामा विषय बदलायचे, म्हणून ज्याने त्याने आपापला तर्क लढवला. कोणी म्हणे कारखान्याचे डायरेक्टर आहेत. कोणी म्हणे मामांना नोकरीला त्यांनीच चिकटवलं. आमचे मॅनेजर साहेब मूळचे कानपूरचे. त्यांना मराठी अर्धं कळे, पण नावं बरोबर कळत. एका सेफ्टी वीकनंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, ये नामदेव वाबळे साहब का हर प्रोग्राम में नाम आता है और हम उनको कभी बुलाते नहीं। अच्छा नहीं लगता। अगली बार चीफ गेस्ट उन्हीं को रखिए।"

मी हे मामांना सांगितलं, तेव्हा मला वाटलं होतं ते हसतील. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "येणार न्हाईत ते." बस्स, एवढंच.

खरी गोष्ट कळली ती एका ट्रेनरमुळे. स्टाफला पब्लिक स्पीकिंग यावं म्हणून कंपनीने पुण्याहून एक तरुण मुलगा बोलावला होता. तो पडद्यावर एकेक शब्द दाखवी, हुक, पॉज, आय कॉन्टॅक्ट, व्हॉइस मॉड्युलेशन, क्लोजिंग. मामा पहिल्या रांगेत. प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते, जुने सोयरे भेटल्यासारखी. हुकला तेवढं त्यांनी हात वर केला. "म्हणजे गळ. बरोबर आहे साहेब. पण आभाराला गळ टाकून जमत नाही, मासे पळायच्या बेतात असतात. तिथं जाळंच लागतं." पोरगं मोकळं हसलं. पुढे स्टेजची भीती कशी घालवायची हे आलं. तो म्हणाला, अगदी सोपं आहे, समोर कोणीच नाही असं समजायचं.

मामा उभे राहिले. "तसं नका शिकवू, साहेब."

"का, मामा?"

"समोर प्रत्येक जण आहे असं समजायचं. दिसतोय तो आणि दिसत नाही तोपण. मागं भटारखान्यात आहे तोसुद्धा." आवाज चढलेला नव्हता, पण कापत होता. मग खाली बसले.

संध्याकाळी बससाठी उभे असताना मी त्यांना सरळ विचारलं. मला आडून आडून विचारणं जमत नाही. "मामा, भटारखान्यात कोण होतं?"

मग त्यांनी सांगितलं.

नामदेव हे त्यांचे थोरले भाऊ. दादा. वडील लवकर गेले, दादांनी शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला नगरला शिकायला ठेवलं. मामांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न श्रीगोंद्यात झालं, तेव्हा सगळं कार्य दादांनी अंगावर घेतलं. लग्नाच्या आदल्या दिवसापासून ते मांडवामागे भट्टीपाशी होते. आचाऱ्यांवर भरवसा नाही म्हणून झारा स्वतःच्या हातात. इकडे लग्न लागलं आणि मामांनी माईक घेतला. मुलीचा बाप स्वतः आभार मानत नाही, पण मामांना कोण अडवणार? तेव्हा तेही मोठ्यांपासूनच सुरू करत. आमदार झाले, सरपंच झाले, सोयरे झाले, मांडववाला, बँडवाला, आचारी, पाणी वाहणारे. कर्णा मांडवाच्या मागेही लावलेला होता. भट्टीपाशी प्रत्येक नाव ऐकू येत होतं. आचाऱ्याचं नाव आलं, तेव्हा दादांनी पंच्याला हात पुसले आणि सरळ उभे राहिले, कारण आता आपलं येणार. मग अक्षतांबद्दल धन्यवाद झाले आणि माईक बंद झाला.

"कसं काय राहिलं?" मी म्हटलं.

"घरातली माणसं मोजताना माणूस स्वतःला मोजायला विसरतो न्हाई का? तसंच झालं," मामा म्हणाले. "दादा म्हंजी मीच की. मला दुसरा वाटलाच न्हाई."

दादांनी झारा ठेवला, टोपी घातली आणि न जेवता निघून गेले. हे मामांना आचाऱ्याने सांगितलं, पोरीची पाठवणी झाल्यावर. दुसऱ्या दिवशी मामा गावी गेले, पायावर डोकं ठेवलं. दादा म्हणाले, "हितं घरात काय ठेवतोस डोस्कं? गेलं मांडवात. मांडवात भरून दे." त्यानंतर बोलणं बंद. आणि मांडवात भरून द्यायचं तर दादा मांडवात यायला हवेत. ज्या कार्यक्रमात कुंडलिक बोलणार असेल, तिथे दादा पाय ठेवेनात. मामांची बायको गेली, तेव्हा दादा आले, पाणी पाजलं, खांदा दिला आणि एक शब्द न बोलता परत गेले.

तेव्हा कुठे मला मामांचं श्रीगोंद्याचं वेड कळलं. माणूस तालुकाभर माईक धरत हिंडत होता, कर्णा गावाकडे वळवत होता, की कुठल्यातरी रानात, कुठल्यातरी बांधावर ते नाव दादांच्या कानावर पडेल. आम्ही हसत होतो ते याला. मला भयंकर राग आला. मामांचा नाही, त्या म्हाताऱ्याचा.

मामा निवृत्त व्हायला आले. कँटीनच्या हॉलमध्ये निरोप समारंभ ठरला. आमच्याकडे अशी पद्धत आहे, की सत्कारमूर्तीच्या शेजारी त्याच्या बायकोची खुर्ची मांडतात आणि दोघांना एकच मोठा हार घालतात. मामी तर नव्हत्या. मुलीचे दिवस भरत आलेले, तिला डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. मी मामांना विचारलं, दादांना बोलवायचं का? ते म्हणाले, "बोलवून बघा. माझ्या तोंडाला येत न्हाई ते." आणि लगेच वळून हजेरीचं काहीतरी काढून बसले. या एका माणसासाठी इतकी वर्षं बोलत आलेला मनुष्य आता त्यालाच बोलवायला घाबरत होता.

रविवारी मी एसटीने श्रीगोंदा गाठलं, तिथून रिक्षाने त्यांच्या वस्तीवर. नामदेव वाबळे उसाला पाणी देऊन नुकतेच आले होते. सडसडीत, उंच, पांढरी टोपी, मामांचंच नाक. मी कोण ते सांगितलं. सुनेने चहा आणला. मी पत्रिका पुढे केली, ती त्यांनी वाचून मांडीखाली ठेवली.

"यायचं न्हाई म्या," ते म्हणाले. "त्यो बोलनार आसंल तिथं मी येत न्हाई."

"का पण?"

"त्यानं गावाम्होरं आचाऱ्याचं नाव घ्यातलं आन् माझं न्हाई. माझं काय चुकलं हुतं ते सांगा तुमी, बाई."

"तुमचं काहीच चुकलं नाही," मी म्हटलं. "पण तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात तुमचं नाव घेतात ते. आमचे कान किटले ते नाव ऐकून. आमचे कानपूरचे साहेब तुम्हाला चीफ गेस्ट करायला निघालेत."

"सांगत्यात लोकं. मी न्हाई ऐकलेलं."

"आलाच नाहीत तर ऐकणार कसं?"

"आन् बोलावल्याबिगर जाऊ कसं? त्यो एकदा तरी म्हनला का, दादा चला? नुस्ता कर्णा फिरवतो हिकडं." याचा अर्थ कर्णा फिरतो हे त्यांना ठाऊक होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते या दोघांवरूनच निघालं असावं. माझा पारा चढला. मी पर्स उचलली आणि म्हटलं, "ठीक आहे. मी येऊन सांगायचं काम केलं. त्यांच्या शेजारची खुर्ची तशीही रिकामीच राहणार आहे."

म्हातारा थबकला. "पोरगी बसनार न्हाई का?"

"तिचे दिवस भरलेत."

"मग जोडीला कोन बसनार?"

"कोणी नाही."

त्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, पण त्यांनी सुनेला हाक मारून मला वाणीच्या ज्वारीचा हुरडा बांधून द्यायला सांगितलं आणि रिक्षापर्यंत पोचवायला आले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी मामांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. स्टेजवर ते आणि शेजारी रिकामी खुर्ची. ती काढून टाका असं मी कँटीनच्या माणसाला सांगितलं, तर मामा म्हणाले, "असू द्या, मॅडम." दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, मनोगतं सुरू झाली. तिसरं मनोगत चाललं होतं आणि मी सहज मागे पाहिलं, तर वॉटर कूलरजवळ पांढरी टोपी. हातात पिशवी. बसायला जागा होती, पण ते उभेच होते. मी मामांकडे पाहिलं. त्यांना माझ्याआधीच दिसलं होतं. सगळ्या हॉलला नजर वाढणारा माणूस एकाच ठिकाणी बघत बसला होता.

मामांच्या उत्तराची वेळ आली. ते माईकपाशी आले. मी हात जोडून सांगते, मला त्यांचं पुढचं भाषण भाषणासारखं आठवत नाही. ते म्हणाले, "माझ्या मुलीच्या लग्नात मी सगळ्यांची नावं घेतली आणि एक घ्यायचं राहिलं. ते माझ्या थोरल्या भावाचं होतं. कार्य त्यांनी उभं केलं, मला त्यांनी उभं केलं. चूक माझी होती. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो. नामदेव मारुती वाबळे." आणि हात जोडून उभे राहिले. थांबा नाही, पाणी देणं नाही, काही नाही.

हॉलमधल्या सगळ्या माना मागे वळल्या. ज्याचं नाव ऐकून ही माणसं हसत आली होती, तो एक साधा शेतकरी निघाला आणि कूलरपाशी पिशवी धरून उभा होता. पहिली टाळी कोणी वाजवली माहीत नाही. मग सगळा हॉल उभा राहिला. मॅनेजर साहेब स्वतः मागे गेले. "अरे, आप ही हैं! हम तो कब से आपकी राह देख रहे हैं।" त्यांनी दादांचा हात धरून त्यांना स्टेजवर आणलं आणि त्या खुर्चीत बसवलं. दोघांना मिळून एक हार घातला. हारात अडकलेले दोघे भाऊ समोर बघत होते, एकमेकांकडे बघायची हिंमत दोघांतही नव्हती.

अध्यक्षीय भाषण झालं. मी माईक घेतला आणि सवयीने म्हणून गेले, "यानंतर मी आभारप्रदर्शनासाठी विनंती करते..." आणि थांबले. पुढे कोणाचं नाव घ्यायचं? इतक्या तयारीत हे कोणालाच सुचलं नव्हतं. आभार म्हणजे वाबळे मामा, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं. मामाही सवयीने अर्धे उठले. लोक हसले.

दादांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस खाली. आपल्याच कार्यात आपन मानत न्हाईत." आणि हार मामांच्या गळ्यात सोडून स्वतः उठले. "द्या हिकडं, बाई."

माईक त्यांनी मोळी उचलावी तसा दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला. हॉलभर शिट्टी वाजली. नजर जमिनीवर. सगळा आवाज एका पट्टीत. मामांनी आयुष्यभर जे करू नका म्हणून सांगितलं, ते सगळं त्यांनी केलं.

"मंडळी, तुमी त्याला हितं सांभाळलं, बरं झालं. साहेबांचं आभार. ह्या बाई वस्तीवर आल्या, त्यांचं आभार. गेटावर मला आडवलं न्हाई, त्या वाचमनचं आभार. खुर्च्या कोनी मांडल्या ते मला म्हाईत न्हाई, त्यांचं आभार. च्या केला त्यांचं आभार." एवढं बोलून ते माईक मला द्यायला लागले.

पुढच्या रांगेतून कोणीतरी प्रेमाने ओरडलं, "दादा, वाबळे मामांचं राहिलं."

दादांनी माईक पुन्हा तोंडाशी नेला. पहिल्यांदा मागे वळून भावाकडे पाहिलं. मामा रडत होते. बायको गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"राहिलं न्हाई," दादा म्हणाले. "घरच्याचं नाव घ्यायचं नसतंय."